नदीची वाटी

पाणीवाटप बघणाऱ्या म्हाताऱ्या दा मोहंदने घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी अलगद सोडली आणि हाळी दिली, "नदीची पाळी! पाट बंद!"

वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. ती भरून बुडेपर्यंत एका घराची पाळी. अ‍ॅटलास पर्वताच्या कुशीतल्या त्या गावात बावीस घरांच्या बावीस पाळ्या, तेविसावी नदीची. तेवढा वेळ कुणी थेंब उचलायचा नाही; पाणी खालच्या गावांना जाऊ द्यायचं. आपापल्या वाटीवर जो तो डोळा ठेवून बसतो. नदीच्या वाटीवर कोण ठेवणार? म्हणून तिच्या वतीने अंगावर पाजणारी बाई बसवायची रीत. यंदा तुदा बसली होती, चार महिन्यांच्या इझाला शालीखाली घेऊन.

सकाळीच तिचा नवरा बास्सू म्हणाला होता, "आजच्या दिवस कानाडोळा कर. तीन वर्षांनी सफरचंद धरलंय. नदी काय भांडायला येणार आहे?"

वाटी निम्मी भरली आणि वरच्या वळणावर पंप धडधडू लागला.

सगळ्यांनी ऐकलं. दा मोहंदने तिला पळवाट दिली. "ट्रक असेल, पोरी."

"मग तो फार वेळ एकाच जागी उभा आहे, दा!" शेजारची इत्तो फिसकारली. "बास्सूच्या बागेत वाट चुकला वाटतं."

कुणी हसलं नाही. पाळी मोडली, तर बसलेल्या बाईने वाटी रिकामी करून पुन्हा सोडायची, आणि तोवर बावीसच्या बावीस पाट बंद. म्हणजे चारचौघांत नवऱ्याला चोर म्हणण्यासारखंच.

ती झाडं तुदाने पहिल्या वर्षी डबड्याने पाणी घालून जगवली होती. पण मागच्या महिन्यात ताप आला, दूध आटलं, तरी इझा ओढतच राहिली होती. ओढणाऱ्याला कळत नाही. आटतं त्यालाच कळतं.

तिने घंगाळात हात घातला, वाटी उचलली, उपडी केली. "पुन्हा."

"आमचा मका करपतोय! आम्ही का बसून राहायचं?" इत्तो ओरडली.

"माझ्यावर ओरड, लल्ला इत्तो. पण पाट उघडू नकोस."

पंप थांबेना. तुदाने दुसऱ्यांदा वाटी उपडी केली. सावल्या फिरल्या. तिसऱ्यांदा वाटी पाण्यावर ठेवली, तेव्हा कधीतरी धडधड बंद झाली.

बास्सू गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून खाली आला. कुणाकडे न बघता म्हणाला, "झाडं जातील, तुदा."

"काही जातील," ती म्हणाली. "बांधाजवळची कोवळी आधी."

'नाही जाणार' असं ती म्हणेल, असं त्याला वाटलं असावं. मग तो उन्हाच्या बाजूला बसला, बाळावर सावली पडेल असा. खाली उताराच्या दगडांमधून पाणी वाट काढत होतं. वाटी बुडायला अजून अवकाश होता.