चौथी ओ

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराआड एक काठी उभी असते. कधीकाळी ती कुदळीचा दांडा होती. हातात धरून धरून आता इतकी गुळगुळीत झालीय की तिला रंग असा उरलेलाच नाही. ती आधी मी खांद्यावर वागवली, मग माझा धाकटा भाऊ रूफस याने, आणि यंदा ती त्याच्या मुलीकडे होती. मुलीचं नाव झिपोरा. घरात झिप.

शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग आमच्या गावात अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये भरतो. त्याला सरकारने घातलेली वयाची अट झिपने मागच्याच वर्षी ओलांडली होती. पण आमच्या घरची अट सरकारला माहीत नाही. माझे बाबा, एझेल त्यांचं नाव, म्हणतात की वर्गात बसून पोर परीक्षा पास होईल, पण झाडीत ती उभी कशी राहते हे तिथल्या खुर्चीला काय कळणार. म्हणून आधी काठीचं वर्ष. सशांच्या मोसमात शनिवारी पोराने आमच्याबरोबर यायचं, नारिंगी बंडी घालून आमच्याच रांगेत उभं राहायचं, आणि हातात बंदुकीऐवजी ही काठी. काठीचं तोंड माणसाकडे किंवा कुत्र्याकडे वळलं, तर चूक. कुंपण ओलांडण्याआधी ती जमिनीवर ठेवली नाही, तर चूक. ससा नीट टप्प्यात आला की मोठ्याने 'ठो' म्हणायचं. मोसम संपला की बाबा मान हलवतात, उभी नाहीतर आडवी. उभी हलली की वर्गात नाव. आडवी हलली की काठीचं आणखी एक वर्ष. रूफसला दोन वर्षं लागली होती. हे त्याला कोणी आठवून दिलेलं आवडत नाही, म्हणून आम्ही वरचेवर आठवून देतो.

झिपची आई योलांडा इस्पितळात नर्स आहे. छर्रे लागलेली माणसं तिने पाहिली आहेत. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाबा, तुमची मान हलेपर्यंत मी वर्गाच्या अर्जावर सही करणार नाही. आणि नातीच्या प्रेमापोटी हलवायची नाही हं."

"प्रेमापोटी शेपूट हलवतात ते आमचे कुत्रे," बाबा म्हणाले. "माझी मान म्हातारी आहे, उगाच नाही हलत."

झिपचा सगळा जीव त्या मानेत अडकला होता. बाबांच्या आईची एक छोटी एकनळी बंदूक आहे, पोरीच्या खांद्याला अगदी बेताची. ती कपाटात कुलपात असते. पुढच्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी पणजीची एकनळी घेऊन रांगेत उभं राहायचं, एवढंच झिपला हवं होतं. तिने दुसरं काही मागितलं नाही, वाढदिवसालाही नाही.

आता आमच्या ओ देण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

ससा मोठा लबाड, पण त्याची एक खोड आहे. कुत्र्यांनी उठवला की तो लांब पळतो आणि मोठा वळसा घेऊन जिथून उठला तिथेच परत येतो. म्हणून शिकाऱ्याने त्याच्यामागे धावायचं नसतं, आपल्या जागी उभं राहून कुत्र्यांचा आवाज ऐकायचा असतो. आमच्याकडे बीगल जातीची दोन कुत्री आहेत, डीकन आणि सिस्टर. चर्चच्या खऱ्या डीकनसाहेबांनी एकदा बाबांना विचारलं होतं की कुत्र्याला आमच्या पदाचं नाव कशाला. बाबा म्हणाले, "एकदा त्याचा आवाज ऐका, मग सांगा पदाचा मान वाढला की कमी झाला." आवाज खरंच तसा आहे. डीकन आधी सावकाश सुरू करतो, बोलल्यासारखा. वास ताजा होत गेला की त्याच्या भुंकण्याला सूर लागतो, मग सिस्टर त्यात आपला बारीक आवाज घालते. आमचे पास्टर रविवारी असंच करतात. अर्धा तास साधं बोलतात, मग बोलता बोलता आवाज कधी गाण्यावर चढला ते कळत नाही, आणि आम्ही बाकांवरून ओ दिली की आणखी वर चढतो. देवाच्या दयेने मला दर आठवड्याला दोन्ही ऐकायला मिळतं, एक शनिवारी आणि एक रविवारी.

तर कुत्र्यांचा आवाज परत फिरला की रांगेतल्या डावीकडच्या पहिल्या माणसाने साद घालायची आणि पुढच्या प्रत्येकाने आपापल्या सुरात ओ द्यायची. म्हणजे काटेरी जाळीत कोण कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. सगळ्यांची ओ आल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. बाबांच्या चुलत्याच्या खांद्यात छर्रे राहिले होते, थंडी पडली की ते ठणकायचे, तेव्हापासूनची ही रीत. दुसरे शिकारी आम्हाला हसतात. म्हणतात, तुम्ही ससे मारायला जाता की भजनाला. बाबांचं उत्तर ठरलेलं आहे, "ससा पळाला तर दुसरा मिळतो."

मोसमाचा शेवटचा शनिवार उजाडला तेव्हा गवतावर दहिवर होतं आणि पाईनच्या शेंड्यांत वारा होता. रूफस अगदी डावीकडे, मग मी, मग झिप, आणि उजव्या टोकाला, रानप्लमच्या जाळीशी, बाबा. झिपच्या वर्षभरात एकही चूक झाली नव्हती. पिकअपमधून उतरताना रूफसने मला हळूच म्हटलं, "ताई, आज पोरीने एवढं निभावलं की झालं. बाबा सकाळपासून हसतायत."

"तुझ्या वेळी रडत होते," मी म्हटलं.

कुत्री ओढ्यापलीकडे गेली. बराच वेळ डीकन नुसता बोलत होता. मग सूर लागला. तो सूर लांब गेला, वळला आणि आमच्याकडे यायला लागला. रूफसने साद घातली. मी ओ दिली. झिपने दिली, तिचा आवाज अजून कोवळा आहे पण खणखणीत. मग बाबांची जाड, ओढलेली ओ. मी खटक्यावर बोट ठेवून उभी राहिले.

ससा माझ्याकडे आलाच नाही. तो सरळ झिपच्या पुढ्यात मोकळ्या गवतावर निघाला आणि तिथे थांबलासुद्धा. कान उभे करून मागे वळून पाहिलं त्याने. मला तो वीसेक पावलांवर स्वच्छ दिसत होता. झिपची काठी खांद्याला होती. मी 'ठो'ची वाट पाहिली. रूफसही पाहत असणार. काठी तशीच राहिली, मग हळूहळू खाली, जमिनीकडे आली. सशाने दोन उड्या मारल्या आणि तो प्लमच्या जाळीत नाहीसा झाला. मागोमाग कुत्री आली, आमच्या मधून गात निघून गेली.

त्या दिवशी एकही ससा मिळाला नाही, पण ते आमच्याकडे नवीन नाही.

जेवायला आदल्या आठवड्यात मारलेल्या सशाचा रस्सा होता, मक्याचा पाव, कोलार्डची भाजी आणि रताळी. योलांडा रात्रपाळी करून आली होती, झोपायची सोडून निकाल ऐकायला बसली होती. बाबांनी प्रार्थना म्हटली. आमेन झालं तसा रूफस सुरू झाला.

"आज एक ससा आमच्या झिपपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, ताई, वेळ काय झाली. हिने सांगितली. तो आभार मानून गेला."

झिप भाजीत चमचा फिरवत होती.

"थिजली का गं?" योलांडाने विचारलं. "तसं झालं असेल तरी चालेल, राणी. होतं तसं."

"थिजले नाही."

"मग काय झालं?" मी म्हटलं. "एवढा समोर होता. तुझ्या पणजीने तो डोळे मिटून टिपला असता."

तिने रताळ्याचा तुकडा ताटाच्या कडेला सारला. एरवी या पोरीला गप्प बसवायला काहीतरी लाच द्यावी लागते. मी मनात म्हटलं, वय कमीच आहे, आणखी एक वर्ष काठी, काय बिघडतं. योलांडाचा चेहरा पाहिला, तिच्याही मनात तेच चाललं होतं आणि तिला थोडं बरंही वाटत होतं.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "झिप, 'ठो' का नाही म्हटलं?"

तिने खाली पाहत काहीतरी पुटपुटलं.

"काय?" बाबा म्हणाले.

"ओ पुरी झाली नव्हती," ती थोडं मोठ्याने म्हणाली.

"काय म्हणते ही?" बाबांनी आम्हाला विचारलं.

झिपने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बापाकडे. तिचे डोळे भरून आले होते. "जाऊ दे ना," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी काठी घेईन मी. मला चालेल."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. त्या खिशात त्यांचं कानाचं यंत्र असतं. कानात असायला हवं, हे डॉक्टरांनी सांगून झालंय, आईने जाण्याआधी सांगून झालं होतं. पण वाऱ्यात ते शीळ घालतं, चर्चमध्ये ऑर्गन वाजला की किंचाळतं. बाबांचा दावा असा की त्यांना त्याची गरज नाही. रविवारी पास्टरांनी रुमालाने कपाळ पुसलं की सूर चढणार हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्या अंदाजावर ते बरोबर जागी आमेन म्हणतात. आम्ही सगळे त्यांचा मान ठेवून त्या खिशाकडे पाहत नाही.

त्यांनी यंत्र काढलं, फुंकर मारली, कानात बसवलं. ते एकदा चिरकलं. सिस्टरने टेबलाखालून मान वर केली.

"आता सांग," बाबा म्हणाले.

"आजोबा, तुमची ओ आली नाही," झिप म्हणाली. "बाबांची आली, आत्याची आली, माझी मी दिली. चौथी आलीच नाही. मला कळेना तुम्ही कुठे आहात."

"आली की," रूफस म्हणाला. "मी ऐकली. रोजच्यासारखी."

"मीही ऐकली," मी म्हटलं. आणि मला खरंच ऐकू आली होती, तो जाड, शेवटी ओढलेला आवाज. चाळीस वर्षं ऐकतेय मी तो.

"मी दिलीच नाही," बाबा म्हणाले.

रूफसने हातातला पाव ताटात ठेवला.

"मला तुमची साद ऐकूच आली नाही," बाबा म्हणाले. "आणि मी माझ्या जागी नव्हतोही. पाय भरून आला, म्हणून प्लमच्या जाळीमागे त्या पडलेल्या ओंडक्यावर बसलो होतो. ससा माझ्या बुटावरून गेला."

मी मनातल्या मनात ते रान मांडून पाहिलं. झिप, तिच्या समोर ससा, सशाच्या मागे जाळी, जाळीमागे बाबा. एका ओळीत. ससा माझ्याकडे आला असता तर माझ्या हातात काठी नव्हती. बाकावर बसून आमेनला आमेन जोडायची सवय लागली की कान न आलेलं आमेनही भरून काढतात. माझ्या कानांनी तेच केलं होतं, रूफसच्याही. पोरीला अजून ती सवय लागलेली नव्हती. ती नुसती ऐकत होती.

"मग तिथेच का नाही सांगितलंस?" योलांडाने विचारलं.

झिपने खांदे उडवले. "बाबा हसले असते आजोबांना."

"मी हसलो असतो," रूफस कबूल झाला. आता मात्र तो हसत नव्हता.

"हे मात्र चुकलं," बाबा म्हणाले. "ऐक, झिप. माझा मान राखायला खूप माणसं आहेत, घरभर आहेत. झाडीत ओ आली नाही तर ओरडून सांगायचं, आजोबा, ओ द्या. मी नाही दिली तर शिवी दे."

"बाबा," मी म्हटलं.

"साधी शिवी. चर्चमध्ये चालेल अशी." मग ते मागे रेलले आणि त्यांनी मान हलवली. उभी. एकदा, आणि योलांडाने पाहिलं नसेल म्हणून पुन्हा एकदा.

योलांडाने डोळे पुसले. "सोमवारी नाव घालते," ती म्हणाली. "वन्सं, तुम्ही न्याल ना तिला? वर्ग शनिवारी असतो आणि माझी ड्युटी आहे."

"तिला मी नेतो," बाबा म्हणाले. "मीही बसेन म्हणतो वर्गात. म्हाताऱ्यांना बसू देत असतील तर."

झिप उठली आणि दाराआडची काठी घेऊन आली. रीतच तशी आहे. मान उभी हलली की काठी परत करायची, ती पुढच्या पोरासाठी दाराआड जाते. तिने ती दोन्ही हातांनी धरून, तोंड जमिनीकडे ठेवून, आजोबांना दिली.

बाबांनी काठी घेतली, गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला. दाराआड ठेवायला रूफसने हात पुढे केला, तर त्यांनी ती दिली नाही. आपल्याच खुर्चीला टेकवून ठेवली.

"असू दे इथेच," ते म्हणाले. "पुढचा मोसम या काठीसोबत मी काढतो. कानात यंत्र घालून. मोसम संपला की मान कोणी हलवायची ते ठरवा."

"मी," झिप म्हणाली, दम न घेता.

"प्रेमापोटी नाही हलवायची हं," योलांडा म्हणाली.

"नाही," झिप म्हणाली, आणि इतक्या वेळाने तिने रस्सा वाढून घेतला. "आजोबा, कुंपण ओलांडताना तुम्ही बंदूक आधी खाली ठेवत नाही. मी पाहिलंय."

बाबांनी कानाजवळ हात नेला, ऐकू आलं नाही असं दाखवायला. पण यंत्र कानात होतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.