मागची सीट

लांब पल्ल्याची मोटरसायकल घेतल्यापासून माझ्या तोंडी दुसरा विषय नाही, अशी बायकोची तक्रार. खोटं कशाला बोलू, गाडीच तशी आहे. शिवाय दोघांच्या हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायचं यंत्र. किलोमीटरभर लांबूनही चक्क ऐकू येतं.

काल दोघं फिरायला निघालो. वाटेत पेट्रोल भरलं, गाडी मोठ्या रस्त्यावर घेतली आणि माझं पुराण सुरू झालं.

"इंजिनात काय दम आहे बघ. मागे कोणी बसलंय हे जाणवतसुद्धा नाही."

"हो का?" कानात तिचा आवाज आला.

"वळणावर तर अलगद झुकते. तुला मागून काय दिसतंय, डोंगर की तळं?"

"पेट्रोल पंप," ती शांतपणे म्हणाली. "पुराण संपलं असेल तर न्यायला ये."