लेकीची डबी आधी

टेबलावर दोन डब्या शेजारी शेजारी चालू होत्या, आणि दोघींच्याही मते आसपास कोणी नव्हतं.

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, दुरुस्त करणारा मेकॅनिक त्यांच्याकडे बघत राहिला. दुसरं ग्लायडर जवळ आलं की वेळीच ओरडायचं, एवढंच या डबीचं काम. कंपनीने नवं सॉफ्टवेअर सक्तीचं केलं होतं. महिनाअखेरीनंतर जुनं चालणार नव्हतं. एका डबीत त्याने ते आत्ताच भरलं होतं, दुसरीत जुनंच होतं. वीतभर अंतरावरून त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या.

काल संध्याकाळी त्याने सगळ्यांत आधी लेकीच्या ग्लायडरचं अपडेट उरकलं होतं. मेव्हण्याने तेव्हा टोमणा मारला होता, "दाजी, लाडक्या लेकीचं आधी, आणि आम्ही काय सावत्र?" उद्या करतो म्हणून त्याने वेळ मारून नेली होती.

आत्ता आकाशात दोनच ग्लायडर होती. लेकीचं आणि तिच्या या मामाचं.

तो धावत बाहेर आला. दोघंही एकाच ढगाखाली, वर चढणाऱ्या हवेत गिरक्या घेत होती. मामा चढताना रेडिओ बंदच ठेवायचा. डबी बोलते तेवढं पुरे, असं त्याचं म्हणणं. त्याने हातातल्या रेडिओवर हाक मारली तेव्हा लेकीने मात्र लगेच उत्तर दिलं.

"बाबा, डबीवर हिरवा दिवा आहे. कोणी नाहीये."

"डबी सोड. बाहेर बघ. मामा तुझ्याजवळ आहे."

"कुठे?"

तेच त्याला सांगता येईना. खालून दोन पांढऱ्या रेघा एकमेकींवरून सरकताना दिसत. वर कोण, खाली कोण, कळायला मार्ग नव्हता. तिथून निघ म्हणावं, तर ती नेमकी मामाच्याच अंगावर जायची. आहेस तशीच फिरत राहा, एवढं तो म्हणाला, आणि धावपट्टीकडे पळत सुटला.

ग्लायडर ओढून वर नेणारं विमान धावपट्टीच्या कडेला उभं होतं. त्यातली डबी अजून जुनीच होती, म्हणजे मामाच्या डबीला ती दिसणार होती, आणि विमान अंगावर आलं की मामाची डबी ओरडणार होती. हे त्याने विमानात चढता चढताच वैमानिकाला सांगितलं. म्हाताऱ्या वैमानिकाला सगळे आबा म्हणत.

आबांनी पट्टा आवळला. "म्हणजे धडकायचं नाही, धडकायला निघाल्यासारखं करायचं. बरं."

वर पोचेपर्यंत मेकॅनिक लेकीशी बोलत राहिला. ढगाजवळ गेल्यावर कुठे चित्र स्पष्ट झालं. मामा तिच्या ग्लायडरच्या पोटाखाली होता, किंचित मागे, आणि तिच्यापेक्षा भराभर चढत होता. तिला तो दिसणं शक्यच नव्हतं. त्याची मान आतल्या स्क्रीनकडे झुकलेली. आणखी वर उठायला तिच्याकडे वेग नव्हता, आणि वळली असती तर आधी त्याच्यावरच खाली आली असती.

आबा गिरकीच्या आतल्या बाजूने शिरले, म्हणजे मामा बाहेरच पळेल. त्यांनी नाक त्याच्या रोखाने धरलं आणि धरूनच ठेवलं. मेकॅनिकला मामाच्या टोपीचा रंग दिसू लागला. मग ती टोपी झटक्यात वर झाली, ग्लायडर एका पंखावर कलंडलं आणि कोसळत बाहेर निसटलं. आबांनी विमान दुसऱ्या अंगाला काढलं.

रेडिओ खरखरला.

"बाबा, आत्ता माझ्या खालून कोण गेलं?"

"मामा," मेकॅनिक म्हणाला. आबांनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला. डबी बंद कर, पोरी, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि डोळ्यांनी बघत खाली ये.