हात न लावता

"हात लावायचा नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"कशाला?" ह्यांनी विचारलं.

"कात्रीला. कंगव्याला, मशीनला, वस्तऱ्याला. दुकानातल्या कुठल्याच हत्याराला."

"आणि झाडूला?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना वाटलं, हे थट्टा करताहेत. पण ह्यांना थट्टा जमत नाही, आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे. हे अगदी मनापासून विचारत होते.

"झाडूलाही नको," बाई म्हणाल्या.

आम्ही या देशात आलो ते ह्यांच्या कात्रीच्या जोरावर. एका म्हाताऱ्या माणसाच्या सलूनमध्ये हे नोकरीला होते आणि आमचा इथला व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता. खिडकीजवळची खुर्ची ह्यांची. दुसरी खुर्ची रिकामी असली तरी लोक तिच्यावर बसायचे नाहीत. "आम्ही उस्तादांसाठी थांबतो," म्हणून बाकावर पेपर वाचत बसायचे. म्हाताऱ्या मालकाला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. मग त्याचे गुडघे गेले, त्यानं दुकान विकायला काढलं आणि आमचा जीव टांगणीला लागला. नोकरी गेली की व्हिसा गेला. आमची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिक्षण अर्धवट टाकून तिला घेऊन परत जायचं, हे मला मान्यच नव्हतं.

म्हणून आम्ही वकीलबाईंकडे गेलो. परक्या माणसाला इथे धंदा करायचा असेल तर कोणकोणत्या वाटा आहेत, हे त्यांनी आम्हाला नीट समजावलं. पहिली वाट गुंतवणूकदाराची. तो आकडा ऐकून मी म्हटलं, "एवढे असते तर तुमचं ऑफिसच नसतं का घेतलं?" दुसरी वाट अशा लोकांची, ज्यांच्याकडे जगावेगळी कल्पना आहे. ती एका समितीला पटवून द्यायची. ह्यांनी विचार करून सांगितलं, "केस कापण्यात नवं काय आणणार बाई? डोकं तेच, केस तेच." तिसरी वाट स्वतःच्या कलेवर जगणाऱ्यांची. त्या यादीत चित्रकार होते, गवई होते, खेळाडू होते. केस कापणारे नव्हते.

"मग उरली चौथी," बाई म्हणाल्या. "उद्योजकाचा व्हिसा. चालू दुकान विकत घ्या, इथला निदान एक माणूस पूर्णवेळ कामाला ठेवा, दोन वर्षं ते चालवून दाखवा. मग इथे कायमचं राहायचं कार्ड मिळेल. मात्र तुम्ही चालवायचं, करायचं नाही. तुम्ही स्वतः केस कापलेत की तुम्ही उद्योजक राहत नाही, कामगार होता. आणि कामगाराचा व्हिसा तुमच्याकडे नसेल."

"म्हणजे मला येतं तेच सोडून बाकी सगळं करायचं."

"दोन वर्षं फक्त."

परतताना बसमध्ये ह्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर उघडमीट करत होती. ह्यांना ती सवयच आहे. झोपेतही कधी कधी कापत असतात.

आम्ही दुकान घेतलं. गावाकडचं होतं नव्हतं ते विकून घेतलं, त्याबद्दल मी इथे जास्त बोलत नाही. खरा प्रश्न माणूस मिळण्याचा होता. चांगले कारागीर मोठ्या दुकानांत, ते आमच्याकडे कशाला येतील? शेवटी एक बाई आली. चाळिशीची, उंच, दंड एखाद्या पैलवानासारखे. आधी कुठे कापायचीस, विचारलं तर म्हणाली, "कुत्र्यांच्या पार्लरमध्ये."

हे माझ्याकडे बघायला लागले.

"माणसं निदान चावत तरी नाहीत," ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

पहिला महिना फार वाईट गेला. हे कोट घालून गल्ल्यामागे बसायचे. आमच्या लग्नानंतर कोट घालायची ह्यांची ती पहिलीच वेळ. खिडकीजवळच्या खुर्चीवर ह्यांनी एक टॉवेल टाकून ठेवला होता, बसमध्ये जागा धरतात तसा. जुनी गिऱ्हाइकं यायची, "उस्ताद, चला, घ्या मला," म्हणायची. हे हात जोडायचे आणि बाईकडे बोट दाखवायचे. काही जण उठून गेले ते गेलेच. जे बसले त्यांची डोकी बघवत नव्हती. एकाच्या मानेवर तर पायरी पडली होती, चढून वर जावं अशी. ती बाई घाबरून आणखी कापायची, आणि हे गल्ल्यामागे बसून ओठ चावायचे.

"अहो, तिला सांगा ना काहीतरी," मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा म्हटलं.

"सांगून येतं का ते? हात धरून शिकवावं लागतं. मला शिकवलं ते तसंच."

वाट दाखवली ती मास्तरांनी. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे, आता निवृत्त झालेले. ह्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. डोक्यावर पांढरे दाट केस, आणि त्यांचा भारी तोरा. त्या दिवशी ते बाईच्या खुर्चीत बसले आणि आरशातून ह्यांना म्हणाले, "उस्ताद, मी आयुष्यभर काय केलं? स्टिअरिंगला हात न लावता लोकांना गाडी शिकवली. बोला की! डावीकडे घे, हळू कर, आरसा बघ. तोंडाला कायद्यानं बंदी घातलीय का?"

"तुमच्या पायाखाली ब्रेक असायचा, मास्तर."

"इथे गाडी खड्ड्यात गेली तरी पंधरा दिवसांत केस उगवतात. बोला."

मग हे उठले. तिच्या मागे जाऊन उभे राहिले, हात छातीशी बांधले आणि बोलू लागले. शाळेत सांगतात ना, हाताची घडी तोंडावर बोट, त्यातली ह्यांची हाताची घडी तेवढी होती. "कात्री आडवी नको, तिरकी धर. आता केस बोटांत ओढू नकोस, नुसते उचल. ऐक, आवाज ऐक. करकर आली म्हणजे जास्त घेतलेस." मला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस सलग इतकं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. कानामागची जागा आली की हे म्हणायचे, "इथे श्वास धर." ती श्वास धरायची. हेही धरायचे. मास्तरही धरायचे.

असं ते चाललं. गेलेल्यांतले काही परत आले. घरी मात्र ह्यांचा हात रिकामा. मुलीनं एकदा केस पुढे केले, "बाबा, माझे कापा." हे म्हणाले, "नको. कोणी विचारलं, कुठे कापलेस, तर काय सांगशील?" घरात कापायला कसली बंदी! पण भीती एकदा अंगात शिरली की ती घराचं दार बघत नाही. ह्यांचे स्वतःचे केस मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून कापायची. कसे व्हायचे ते विचारू नका. "भाजी चिरतेयस का?" असं ओरडायचे, पण दुकानात बाईच्या खुर्चीत काही बसायचे नाहीत.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा व्हिसा खात्याचा अधिकारी आला. न कळवता. मी तेव्हा डबा घेऊन तिथेच होते. मध्यम वयाचा, सभ्य माणूस. त्यानं लायसन पाहिलं, बाईच्या नोकरीचे कागद पाहिले, तिला दोनचार प्रश्न विचारले. सगळं ठीक होतं. मग ह्यांच्याशी हात मिळवला आणि सोडलाच नाही. ह्यांचा अंगठा उलटा करून पाहिला.

"हा घट्टा कात्रीचा ना?"

"जुना आहे," हे म्हणाले. "जायला वेळ लागतो."

त्यानं मान डोलावली आणि सरळ खिडकीजवळच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून तिच्यावर बसला. "आलोच आहे तर केसही कापून घेतो. माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, कुठल्याही दुकानात धड कापत नाहीत. लोक सांगतात, तुमच्यासारखा हात या भागात नाही. तुम्हीच घ्या."

तो सहज बोलत होता की पारखत होता, मला अजून ठरवता येत नाही. माझ्या हातातला डबा जड झाला. मला मुलगी दिसत होती, तिचा पांढरा गणवेश, तिची शेवटची परीक्षा. एक कात्री उचलली की सगळं संपलं असतं. आणि ह्यांना दोन भोवऱ्यांचं डोकं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. असलं अवघड डोकं मिळालं की त्या रात्री हे दोन घास जास्त जेवायचे.

ह्यांनी त्या डोक्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. मग म्हणाले, "मी मालक आहे, साहेब. बाई कापतील."

आवाज अगदी साधा होता. पण मला फार लागलं ते. आयुष्यात ह्या माणसानं कुणाला, मला येत नाही, असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही तसं म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच झाला.

बाईनं कापड बांधलं आणि सवयीनं मागे पाहिलं, ह्यांच्या बोलण्याची वाट बघत. हे काही बोलले नाहीत. अधिकाऱ्यासमोर सूचना देणंही हात लावण्यासारखंच ठरलं तर काय, असं त्यांना वाटलं असावं. हे दाराशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून रस्ता बघत उभे राहिले. आज घडीही होती आणि तोंडावर बोटही होतं.

बाईनं कात्री तिरकी धरली. एका भोवऱ्याला त्याच्या कलानं घेतलं, दुसऱ्याला थोडं लांब ठेवलं. कानामागे आली तेव्हा तिनं श्वास धरला, दाराशी ह्यांचे खांदेही वर जाऊन थांबले. ती कुठे आहे हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळत होतं.

अधिकाऱ्यानं आरशात डोकं इकडेतिकडे फिरवून पाहिलं. "दोन्ही भोवरे पहिल्यांदा नीट बसलेत," तो म्हणाला. पैसे देऊन, कागदावर सगळं ठीक असल्याचा शेरा मारून निघून गेला. बाईनं मला मिठीच मारली, माझी हाडं मोडायची बाकी राहिली. हे परत आले, त्या माणसाचे खाली पडलेले केस बुटाच्या टोकानं जरासे पसरून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "बरोबर कापलेस." बस, एवढंच.

कार्ड आलं. त्यावर लिहिलं होतं, कोणतंही काम करण्यास मुभा. मुलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि मी चक्क रडले. ह्यांनी त्या संध्याकाळी कात्रीला तेल दिलं, फडक्यानं पुसली, पुन्हा दिलं.

सकाळी हे कोट न घालता गेले. मी दुपारी डबा घेऊन पोचले. म्हटलं, आज तरी बघावं. हे खिडकीजवळच्या खुर्चीमागे ॲप्रन बांधून उभे होते. टॉवेल काढला होता. बाईच्या खुर्चीत एक माणूस होता आणि बाकावर दोघं पेपर वाचत बसले होते. हे एकाला म्हणाले, "या ना, मी मोकळा आहे."

"नको, नको, होऊ द्या त्यांचं," तो माणूस म्हणाला. "आम्ही बाईंसाठी थांबतो."

त्याला तरी काय माहीत? तो आमच्याकडे यायला लागला तेव्हापासून ह्यांना गल्ल्यामागेच बघत आला होता. पण मग मास्तर आले. मला वाटलं, आले एकदाचे. मास्तरांनी ह्यांचा ॲप्रन बघितला, कात्री बघितली. काठी कोपऱ्यात ठेवली. तेवढ्यात बाईची खुर्ची मोकळी झाली आणि त्यांची पावलं आपसूक तिकडे वळली. अर्ध्या वाटेत ते थांबले.

"उस्ताद," ते म्हणाले, "दोन वर्षांत हिच्या हाताला डोकं सरावलंय माझं. राग नाही ना?"

"राग कसला, मास्तर. बसा."

मी तोंड फिरवलं. डब्याचं झाकण घट्ट होतं, ते उघडत राहिले.

चारच्या सुमाराला दुकान रिकामं झालं. हे झाडू घेऊन पांढरे केस गोळा करत होते. आता त्यालाही मुभा होती. बाईनं झाडू त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मालक, तुमचेच केवढे वाढलेत. वहिनींनी मागून काय केलंय ते बघा तरी. बसा."

मला वाटलं, हे नाही म्हणणार. पण हे खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते. बाईनं कापड झटकून गळ्याशी बांधलं.

"कानामागे जरा..." हे म्हणायला लागले.

"माहीत आहे," ती म्हणाली.

ह्यांनी डोळे मिटले. कात्री चालू लागली, बारीक, एका लयीत, कुठेही करकर नाही. कापडाखाली ह्यांचा उजवा हात हलत होता. तिची कात्री उघडली की बोटं उघडायची, मिटली की मिटायची, आणि वरचं कापड थरथरत होतं.

बाईनं कात्री थांबवली. ह्यांचं डोकं एका हातानं हलकेच सरळ केलं.

"हलू नका, मालक," ती म्हणाली.