मागच्या खोलीचं नेपथ्य

घर विकायला काढलं त्याला बरेच दिवस झाले होते. गिऱ्हाईक येत नव्हतं असं नाही. यायचं, बाहेरची खोली बघून मान डोलवायचं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून हात फिरवून "छान आहे हो" म्हणायचं, आणि पॅसेजच्या टोकाच्या खोलीत डोकावलं की "कळवतो" म्हणून जायचं. पुढे कोणी काही कळवायचं नाही.

"दोष त्या खोलीचा आहे," एजंटबाईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं. "बाकीचं घर दृष्ट लागण्यासारखं. ही एक खोली सगळ्यावर पाणी फिरवते. दारात उभं राहिलं तरी धाप लागते माणसाला. जरा सजवा तिला, नाहीतर माझ्याही चपला झिजतील आणि तुमच्याही."

ती खोली मुळात अडगळीची. सात फूट लांब, पाच फूट रुंद. तिथे बसून घरमालक शाळांची वेळापत्रकं बनवायचा. त्याला सासरे पहिल्यापासून 'जावईबापू' म्हणत. मग बायको चिडवायला तेच म्हणू लागली, आणि त्यातला जावई गळून नुसता बापू कधी उरला ते कोणाला कळलंही नाही.

बापूचं काम तसं जगावेगळं होतं. वर्ष सुरू व्हायच्या आधी शाळा त्याला शिक्षकांची माहिती पाठवत, आणि कोणत्या वर्गावर कोणी कधी जायचं ते हा ठरवून देई. कॉम्प्युटर होताच. पण कॉम्प्युटरला माणसं कळत नाहीत, असं बापूचं म्हणणं. त्यामुळे प्रत्येक शिक्षकाच्या रंगीत चिठ्ठ्या करून तो भिंतीला टाचण्या मारून लावायचा आणि तासन्‌तास त्या हलवत बसायचा. भिंत अशी भरलेली, टेबल कागदांनी, स्टुलावर प्रिंटर, खाली फायली, आणि या सगळ्याच्या मधोमध एक खुर्ची, जिच्यात बसायला आडवं शिरावं लागे.

घर का विकायचं, याचं एक कारण लोकांना सांगायचं होतं आणि एक खरं होतं. लोकांना सांगायचं ते, "जागा पुरत नाही." खरं कारण म्हणजे बापूचे सासरे, नाना. बायको गेल्यापासून ते गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. लिफ्ट नाही. हिवाळ्यात जिन्यावरून पडले, आणि "चप्पल घसरली" एवढ्यावर विषय मिटवला. गुडघ्याचं नाव काढलं की ऐकूच येत नसल्यासारखं करत. त्यांची मुलगी, म्हणजे बापूची बायको चिमणी, हिने तेव्हापासून मनात घेतलं होतं की तळमजल्यावरचं घर घ्यायचं आणि बाबांना आणायचं. हे घरही जिना चढूनच होतं. तळमजल्याचं एक घर पाहूनही ठेवलं होतं. पण हे विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं.

"बाबांना आत्ताच कळलं तर सगळंच मुसळ केरात," तिने नवऱ्याला बजावलं. "मुलीच्या दारात ओझं होऊन पडणार नाही म्हणतील आणि हटून बसतील. सही होईपर्यंत तोंड बंद. तुझ्या पोटात तीळ भिजत नाही, म्हणून दोनदा सांगतेय."

आणि गंमत बघा. तीच चिमणी फोनवर वडिलांशी बोलता बोलता म्हणून गेली, की एजंटबाई त्या खोलीला सजवा म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नाना. एका हातात करवत, दुसऱ्या हातात रंगाचे डबे, पाठीमागे रिक्षावाला दोन फळ्या घेऊन.

"कुठे आहे ती खोली?" नानांनी विचारलं.

नानांनी उभं आयुष्य नाटकांचं नेपथ्य केलं होतं. प्लायवूडचे राजवाडे, कापडाचे डोंगर, न उघडणारी दारं. आता हातात काम नव्हतं, आणि काम नसलेल्या कारागिराला कुणी खोली सजवायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. त्यांना नको म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

नाना पॅसेजमध्ये उभे राहिले, थोडे मागे सरकले आणि एक डोळा मिटला.

"प्रेक्षक इथून येणार. बरोबर?"

"हो."

"आणि पडदा वर गेला की पहिलं काय दिसतं? प्रिंटरचं ढुंगण. जावईबापू, अहो, कोण घर घेईल?"

मग त्यांनी बेत समजावून सांगितला. समोरची भिंत फिकट आकाशी करायची, म्हणजे ती लांब जाते. बाजूच्या भिंती दाराकडे जरा गडद. भिंतीवरची फळी दाराशी रुंद आणि आत निमुळती कापायची, म्हणजे डोळ्याला वाटतं खोली बरीच खोल आहे. टेबल वीतभर अरुंद करायचं, खुर्ची बुटकी ठेवायची. पुस्तकं हवीतच, पण खरी पुस्तकं जागा खातात. नानांनी पिशवीतून एक लांब पट्टी काढली. कुठल्याशा नाटकातल्या वकिलाच्या दिवाणखान्यासाठी केलेली. प्लायवूडवर पुस्तकांचे नुसते कणे, म्हणजे नावं लिहिलेल्या पाठी, चिकटवलेल्या.

बापूला ते कसंसंच वाटलं. "नाना, ही फसवणूक नाही का?"

"मापात एक इंच खोटं बोलायचं नाही. विचारलं तर टेप हातात द्यायची. दिसण्यात मात्र थोडं इकडे-तिकडे. लग्नाच्या आधी तुम्हीसुद्धा केस नीट विंचरूनच आला होतात की आमच्याकडे."

बापूने प्रिंटर उचलून बाहेर नेला.

अडचण चिठ्ठ्यांच्या भिंतीची होती. बापूच्या हंगामाचे दिवस, एका शाळेचं काम अर्ध्यावर, आणि त्यातही एक गाठ बसलेली. चिठ्ठ्या काढल्या तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नानांनी दोन मिनिटं विचार केला, लाकडी चौकटीवर कापड ताणून भिंतीएवढा एक पडदा ठोकला आणि म्हणाले, "भिंतीवरून काढून यावर लावू. जशाच्या तशा. हा पलंगामागे उभा करून कामही करता येईल."

दोघं चिठ्ठ्या हलवायला बसले. नानांना नुसतं यांत्रिक काम करवत नसे.

"हा पिवळा कोण?"

"गणिताचे सर. त्यांना शेवटचा तास द्यायचा नाही. आई आजारी असते, लवकर घरी जावं लागतं."

"आणि हा हिरवा या लालच्या शेजारी का नाही?"

"ती दोघं बोलत नाहीत एकमेकांशी. एकाच मजल्यावर लागोपाठ तास आले की जिन्यात समोरासमोर येतात, आणि मग दिवसभर मुलांवर राग निघतो."

नानांच्या हातातली टाचणी तशीच राहिली. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"फोन करून विचारतो ना मी एकेकाला."

इतकी वर्षं नानांची समजूत होती, की आपला जावई दार लावून कॉम्प्युटरसमोर बसतो आणि चौकोनांत नावं भरतो. त्यांनी पडद्यावर वाकून एकेक चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, "ही जांभळी एकटीच लटकतेय ती?"

"तीच तर गाठ. संगीताच्या बाई. दोनच दिवस येतात, आणि हॉल एकच. त्याच वेळी खेळाच्या सरांना हवा असतो."

"मग मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला टाक की त्यांना. सरांची पोरं तशीही तेव्हा भुकेने मेलेली असतात, उड्या मारणार नाहीत. अरे, धर, टाचणी धर!"

बापूने टाचणी धरली. गाठ सुटली होती. आणि नाना त्याला 'अरे' म्हणाले होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोन्हींपैकी जास्त आनंद कशाचा झाला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

तो आठवडा मजेत गेला. ठोकाठोकी चालू, रंगाचा वास घरभर, चहा ओट्यावर निवलेला, आणि नाना अखंड बोलतायत. चिमणी कामावरून आली की दोघांच्या नाकावर आकाशी रंग. एरवी फोन सोडले तर दिवसभर आपण तोंड उघडत नाही, हे बापूच्या तेव्हा लक्षात आलं.

खोली झाली तेव्हा एजंटबाई दारात थबकल्या. "ही तीच?" म्हणाल्या, आणि रविवारी सकाळी एक जोडपं घेऊन आल्या.

नवरा चांगला ताडमाड, दारातून वाकून येणारा, आणि बोलका असा, की जिना चढता चढताच त्याने एजंटबाईंना आपल्या दोन्ही आत्यांची आजारपणं सांगून टाकली होती. बायको लहानखुरी, शांत. तिने नळ सोडून पाहिले, खिडक्या लावून पाहिल्या. मग सगळे पॅसेजच्या टोकाशी आले.

"अरे वा! केवढी खोल आहे!" ताडमाड गृहस्थ म्हणाला.

नानांची छाती फुगली. पण प्रेक्षकाने रंगमंचावर चढू नये ही साधी गोष्ट त्या गृहस्थाला कोणी सांगितली नव्हती. तो आत शिरला आणि सरळ खुर्चीत बसला. गुडघे टेबलाला धाडकन आपटले. तोल सावरायला त्याने वर हात घातला, एक जाडसं पुस्तक धरलं, आणि अख्खीच्या अख्खी पुस्तकांची रांग एका तुकड्यात त्याच्या मांडीवर आली.

एजंटबाईंचा चेहरा पांढराफटक.

"ते... नाटकातलं आहे," नाना म्हणाले. त्यांनी पुढे होऊन ती पट्टी उचलून घेतली आणि तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली.

त्या शांत बाईंनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. "असं होय. मग या घरात आणखी काय काय नाटकातलं आहे?"

"काही नाही!" बापू घाईघाईने म्हणाला. "ही एकच खोली. हिचं खरं माप सात बाय पाच. ही घ्या टेप. फळी मुद्दाम निमुळती कापलीय, रंगही मुद्दाम तसा दिलाय. बाकी सगळं खरं."

"मग एक खरं सांगा. एवढं चांगलं घर विकताय कशाला? पाण्याची भानगड? शेजारी?"

"त्यांना मोठी जागा..." एजंटबाईंनी ठरलेलं वाक्य सुरू केलं.

चिमणीने नवऱ्याकडे बघून डोळे वटारले. पण बापूला एकाच सकाळी दोनदा पकडलं जाणं झेपणारं नव्हतं. "नानांसाठी," तो म्हणाला. "त्यांना आता जिने चढवत नाहीत. आम्हाला तळमजला हवाय, त्यांना आमच्याकडे आणायचंय."

"कोणाला चढवत नाहीत?" नाना म्हणाले.

झालं. भिजायचा तो तीळ भिजला नाही. नाना पट्टी घेऊन तरातरा बाहेर गेले आणि दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. चिमणी निघाली होती, पण बापू म्हणाला, "थांब. घाण मी केलीय, मीच निस्तरतो."

तो जाऊन शेजारी बसला. नाना खालच्या कंपाउंडकडे बघत होते.

"मला एका शब्दाने विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

नानांनी पट्टी काखेत घट्ट धरली. मग म्हणाले, "माझ्यासाठी कोणी भिंती हलवायच्या नाहीत. मी धडधाकट आहे."

"तुमच्यासाठी नका समजू. चिमणी अवेळी फोन वाजला की ताडकन उठते. तुमचा नसतो, कोणाचातरी चुकीचा असतो. तरी मग तिला झोप लागत नाही." बापूने हातावरचा वाळलेला रंग नखाने खरवडला. "आणि माझंही सांगतो. मी दिवसभर त्या खोलीत एकटा असतो. दुसऱ्यांची माणसं भिंतीवर लावत. या आठवड्यात तुम्ही होतात. तुम्ही भयंकर आवाज करता, नाना. मला फार बरं वाटलं."

नानांनी पट्टी मांडीवर आडवी ठेवली. कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "हिवाळ्यात चप्पल नव्हती घसरली."

"माहीत आहे."

"तिला सांगू नकोस."

"तिलाही माहीत आहे."

तेवढ्यात मागे पावलं वाजली. त्या शांत बाई दारात येऊन उभ्या होत्या. आतून त्यांच्या नवऱ्याचा आवाज येत होता. तो एजंटबाईंना आता स्वतःच्या गुडघ्यांचा इतिहास सांगत होता.

"ती खोली," बाई म्हणाल्या. "हे आत बसले, आणि उठताना चिमणीताईंना हात द्यावा लागला. यांना तिथे मावताच येत नाही, हो ना?"

"नाही मावणार," बापू ओशाळून म्हणाला. "खरंच लहान आहे."

"मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते," बाई म्हणाल्या. "माणूस सोन्यासारखा आहे हो, पण दिवसभर माझ्या खुर्चीच्या पाठीशी उभा राहून बोलतो. इतकी घरं पाहिली, सगळीकडे हे मावत होते. ही पहिलीच खोली सापडली." आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "फळी तशीच राहू द्या. छान कापलीय."

नाना उठून उभे राहिले. इतकी दाद त्यांना भरल्या नाट्यगृहातही क्वचित मिळाली असेल.

घर त्या बाईंनी घेतलं. नाना लगेच काही विरघळले नाहीत. चार दिवस फोनवर मुलीशी तुटक बोलले, पाचव्या दिवशी "निदान बघून तरी येऊ" म्हणाले, आणि तळमजल्याच्या त्या घरात प्रत्येक खोलीत जाऊन भिंती ठोकून पाहिल्या. मागच्या बाजूची उजेडाची खोली त्यांची, असं चिमणीने सांगितलं.

"ठीक आहे," नाना म्हणाले. मग थांबून मोजल्यासारखं केलं. "म्हणजे एक तुमची, एक माझी, एक बाहेरची. याचं टेबल कुठे?"

"बघू," चिमणी म्हणाली. "बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यात कुठेतरी."

"कोपऱ्यात? आल्यागेल्यासमोर? त्या चिठ्ठ्या कोणाच्या दृष्टीला पडायच्या असतात का?" नाना एकदम तापले. "टेबल माझ्या खोलीत येईल. दुपारी मी तासभर पडतो, तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. बाकी वेळ बोलायचं."

"मग खिडकीजवळ टेबल," बापू म्हणाला. "मला उजेड लागतो."

"खिडकीजवळ माझा पलंग."

"झोपायला उजेड कशाला हवा?"

"मला बाहेरचं दिसायला हवं. भिंतीकडे तोंड करून बसायची सवय तुला आहे, मला नाही."

दोघं हातवारे करत भांडत राहिले. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. चिमणी काही वेळ ऐकत राहिली, मग बाहेर गेली, घर दाखवायला आलेल्या माणसाची प्लास्टिकची खुर्ची मागून घेऊन आली, आणि बरोबर खिडकीत मांडून तिच्यात बसली.

"इथे मी बसणार," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या."