सेसिलियाचे थंडीतले अश्रू

जानेवारीची कडाक्याची थंडी, आणि सदर बाजारातल्या मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. माणसं शाली-कानटोप्यांत कुडकुडत होती, तरी सगळ्या खिडक्या सताड उघड्या. "संतों की साँस आने दीजिए!" हा ब्रदर जोएल यांचा हुकूम. समोर चौथऱ्यावर संत सेसिलियाची प्लास्टरची मूर्ती. कॅथलिक मंडळी हिला संगीताची कैवारी मानतात. हार्मोनियमवर संतांच्या नावांची लांबलचक विनवणी सुरू व्हायची, प्रत्येक नावाला गर्दी "हमारे लिए प्रार्थना कर" म्हणायची, आणि विनवणी संपत आली की मूर्तीच्या डोळ्यांतून खरोखर थेंब ओघळायचे. बायका हुंदके द्यायच्या. रिटायर सुभेदार टाचा जुळवून उभे राहायचे. मग ते गुलाबाच्या वासाचे अश्रू कुप्यांत भरून भक्तांना मिळायचे, अर्थात 'स्वेच्छेनं' दान दिल्यावर.

हे ब्रदर कुठल्याच चर्चचे नव्हते. पांढरा झगा शिंप्याकडून आणि पदवी स्वतःच स्वतःला बहाल केलेली. रोज सकाळी ते फोनवर 'आज के संत' पाठवत, मागे पियानो लावून. आमचं घर हिंदू, पण माझी शकुवहिनी देवपूजा आटोपली की ते भक्तिभावानं ऐकायची. संत कुठल्याही शतकातला असो, गोष्टीच्या शेवटी तो औषध फेकून बरा व्हायचाच. सतराशे वर्षांपूर्वीच्या एका संतानं तर म्हणे इंजेक्शन नाकारलं होतं! मला हसू आलं असतं. पण माझी पुतणी मोनाली चौदा वर्षांची आहे आणि ती इन्शुलिनवर जगते.

"उद्यापासून पोरीची सुई बंद," वहिनीनं मला सांगितलं. "आज संध्याकाळच्या प्रार्थनेत ब्रदरजी तिच्या डोक्यावर हात ठेवणार."

"वहिनी, मरेल ती."

"काहून असं अभद्र बोलून राहिले भाऊजी? आठ वर्षं मी टोचून राहिली तिला. रोज ते तोंड पाहते मी तिचं. तुम्ही टोचलं का एकदा तरी?"

एकदाही टोचलं नव्हतं. माझा भाऊ रामराव पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "चलो, करून तर पाहू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरीवर 'करून पाहू' म्हणणारा बाप!

मी तडक सिस्टर सुचिता टोप्पो यांना गाठलं. मोनालीच्या शाळेत त्या गाणं शिकवतात, पोरीचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला.

"हमारे दो संत तो सगे भाई थे, और दोनों डॉक्टर. मुफ़्त इलाज करते थे. उनकी कहानी क्यों नहीं भेजता वो?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "गर्मी में भी रोती है मूर्ति?"

"नाही. उन्हाळ्यात तिचं मौनव्रत असतं म्हणे."

सिस्टर पहिल्यांदा हसल्या. "आज शाम बाजा मैं बजाऊँगी."

संध्याकाळी शकुवहिनी मोनालीला घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. खरी नन आलेली पाहून ब्रदरना आकाश ठेंगणं झालं. "आज तो स्वयं कॉन्व्हेंट पधारा है! संगीत की माता आज फूट-फूटकर रोएगी!" त्यांचा चेला नथ्थू यानं मूर्तीच्या हनुवटीखाली जाड जाड मेणबत्त्या पेटवल्या. ब्रदरनी खूण केली.

सिस्टरनी हात मांडीवर ठेवले. "पहले मौन प्रार्थना."

हॉल चिडीचूप. ब्रदर खोकले. "सिस्टरजी, शुरू कीजिए." सिस्टर ढिम्म. "बाजा, सिस्टरजी, बाजा!" झगा सांभाळत ते मेणबत्त्यांकडे सरकले, तर सिस्टर उठून मध्येच उभ्या राहिल्या. आणि तेवढ्यात, एक सूरही निघालेला नसताना, सेसिलियाच्या गालावरून थेंब ओघळला.

"चमत्कार!" गर्दी ओरडली.

"किस बात का?" सिस्टर कडाडल्या. "गाना तो हुआ ही नहीं!" त्यांनी फुंकर घालून सगळ्या मेणबत्त्या विझवल्या, हार्मोनियमवर बसल्या आणि अख्खी विनवणी गायल्या. आवाज असा सुरेल की माझ्यासारख्या नास्तिकाच्याही अंगावर काटा आला. एकेका संताचं नाव झालं. मूर्ती मात्र रडली नाही. उलट आधीचा ओघळ गालावरच पांढराफटक होऊन थिजला.

शकुवहिनी पुढे झाली. नखानं तिनं तो थर खरवडला, बोटांवर चोळला, वास घेतला.

"खोबरेल!" ती म्हणाली. "अत्तर टाकलेलं खोबरेल आहे हे!"

सिस्टरनी मूर्ती फिरवली. डोक्याच्या मागे रबरी बूच. आतल्या पोकळीत गोठलेलं खोबरेल ठासून भरलेलं आणि डोळ्यांत सुईएवढी छिद्रं. खालच्या मेणबत्त्यांनी तेल वितळायला जेवढा वेळ लागतो, तेवढी लांब विनवणी ब्रदरनी निवडली होती. खिडक्या उघड्या असायच्या त्या तेल घट्ट राहावं म्हणून. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकीला माहीत होतं. सकाळीच बहुतेकींनी ठेवलीही असेल. घरातलं शहाणपण चपलांबरोबर जिन्यात काढून ठेवायची केवढी ही हौस!

ब्रदर मागच्या जिन्यानं पसार झाले. एक बाई तेवढ्यातही कुपी पुढे करून म्हणाली, "फिर भी दीदी, तेल तो पवित्र ही हुआ न?" पालथ्या घड्यावर पाणी.

"माझीच पोर मारून राहिली होती मी," वहिनी म्हणाली आणि मोनालीला घट्ट धरून रडली. मग डोळे पुसले. "चल, जेवणाआधीची सुई राहिली."

"मी टोचतो आज," मी म्हणालो. "शिकवा मला."

वाचकहो, प्रार्थना करा, संतांच्या गोष्टी वाचा, गाणी तर जरूर गा. माझं त्याच्याशी भांडण नाही. पण प्रार्थनेच्या बदल्यात कोणी तुमच्या लेकराचं औषध मागितलं, तर तो देवाचा माणूस नव्हे. त्याला हात जोडू नका, प्रश्न विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषधाची एक मात्राही चुकवू नका.