घंटेची परवानगी

आक्काची धाकटी नात भिंत सोडून चालायला लागली, त्याच वर्षी घरातल्या कॉम्प्युटरला कुंपण घालायची वेळ आली. पोर गडगडत खाली जाऊ नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी फळी ठोकली, आणि त्याच आठवड्यात गप्पांच्या प्रोग्रामलाही अडसर घातला. दोन्ही कामं मुलानंच केली, आणि दोन्ही घराच्या भल्यासाठीच केली.

घर म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी आक्काची खुर्ची. आक्का रफू करायची. कोटाला भोक पडो, शालीला कसर लागो, ती कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याच रंगाचा धागा उपसून काढायची आणि उभा-आडवा भरत न्यायची. रफूला उजेड लागतो, म्हणून तोंड खिडकीकडे आणि पाठ खोलीकडे. पाठीमागे टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरात तिचा भाऊ.

भाऊ मिसरूड फुटताफुटता समुद्रापलीकडे काचेच्या कारखान्यात गेला आणि तिथलाच झाला. सुरुवातीला तो राहायचा तिथं जिन्यात एकच फोन होता आणि त्याच्या खिशात दमडी नसायची, म्हणून आक्काच कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावायची. पुढं त्याचं बरं चाललं, फोन गेले, कॉम्प्युटर आले, पण शिरस्ता तोच राहिला. लावायचा तिनं, उचलायचा त्यानं.

"कधी आपणहून बहिणीची आठवण नाही काढावीशी वाटत?" ती टोमणा मारायची.

"मी लावला तर घाबरशील. माझी घंटा वाजली तर समज आक्का, आभाळ कोसळलं."

"मग नकोच बाबा. तू आपला गप्प बस, मीच बोंबलते."

लिहिणं तिला जड जायचं. अक्षरं तिनं फार उशिरा गिरवली होती. एकेक जोडून वाचायची, त्यात भाऊ टायपायचा गचाळ. एकदा त्यानं 'मी बारा आहे' असं पाठवलं. ती चक्रावली, मग तिला उमगलं की गडी बरा आहे. तिनं दोन बोटांनी उलट लिहिलं, 'उद्या तेरा हो.' तेव्हापासून ते दोघांचं चलनी नाणं झालं. पण खरी भूक आवाजाची. 'आक्का' म्हणताना तो मधल्या जोडाक्षरावर जरा अडखळायचा, लहानपणी दात पडले होते तेव्हापासून. तेवढं ऐकलं की तिचा दिवस सरळ जायचा.

मुलगा घरी बसून परीक्षांच्या प्रश्नपत्रिका जुळवायचा. हे काम म्हणजे निखारा पदरात बांधून वावरणं. एक कागद बाहेर फुटला की नोकरी गेली आणि अब्रूही गेली. एके दिवशी परीक्षा कार्यालयाचा तपासनीस मशीन बघायला आला. पडद्यावरच्या एका चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हे काय?"

"आईचा भाऊ," मुलगा म्हणाला.

"भाऊ असो नाहीतर मेहुणा. प्रश्नपत्रिका ज्या मशीनवर आहेत तिथं बाहेरच्यांशी बोलणारा प्रोग्राम मोकाट नको. काढा, नाहीतर बांधून ठेवा."

जेवताना आक्का म्हणाली, "काढून टाक. माझं काय एवढं." ते अशा आवाजात की मुलानं हातातला घास ताटात ठेवला.

"काढत नाही गं आई. बांधतो."

त्यानं तिला समजावलं. प्रोग्राम म्हणजे घरात आलेला परका माणूस. आजवर तो कुठल्याही खोलीत शिरू शकत होता, कारण तो मुलाच्या नावानं चालायचा आणि मुलाला सगळी दारं उघडी. आता मशीनच्या मुळाशीच नियम बसवायचा. या प्रोग्रामनं इथवरच यायचं, ह्याच वस्तूंना हात लावायचा.

"आणि तू 'ये' म्हणालास तर?"

"तरी नाही. नियम माझ्याही वरचा. म्हणून तर तो तपासनिसाला चालतो. तुला फोटो पाठवायचा असेल तर तेवढ्यापुरतं एक फोल्डर ठेवलंय. 'उंबरा' नाव दिलंय त्याला. उंबऱ्यावर ठेवलेलं तेवढंच त्याला दिसणार."

"आणि हे त्याला कळणार कसं, कुठं जायचं नि कुठं नाही?"

"आधी आठवडाभर मोकळं सोडायचं. तो कुठं कुठं जातो ते मशीन टिपून घेईल. मग लागतात तेवढ्या वाटा ठेवायच्या, बाकी सगळ्या बंद. तू फक्त रोज करतेस ते सगळं कर. काही राहू देऊ नकोस."

आक्कानं ती शिकवणी मनावर घेतली. तिनं भावाला लिहिलं, त्याचं आलेलं वाचलं, दोनदा फोन लावून मनसोक्त भांडून घेतलं, नातीचा फोटो पाठवला, त्याच्या बागेतल्या दोडक्यांचा फोटो उतरवून घेतला. आठवडा संपल्यावर मुलगा पडद्याकडे बघून हसला. "तुझा हा प्रोग्राम प्रश्नपत्रिकांच्या दाराशी दोनदा डोकावून आलाय."

"अभ्यास करायचा असेल बिचाऱ्याला."

मुलानं ती वाट बुजवली, लागणाऱ्या तेवढ्या ठेवल्या आणि नियम कडक केला. तपासनीस बघून गेला आणि मान डोलावून गेला. आक्कानं भावाला फोन लावला, आवाज पूर्वीसारखाच आला. सगळं आलबेल.

दोन महिन्यांनी भावाचा आवाज बसला. आधी थंडी म्हणून, मग काचेची धूळ म्हणून, आणि शेवटी डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. घशातली गाठ काढायची, तर आवाजाची पेटीही काढावी लागणार.

"म्हणजे बोलायचंच नाही?" आक्कानं विचारलं.

"तुझं काय नुकसान? तू कुठं मला बोलू देतेस?" तो खरखरत म्हणाला.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. बुधवारी संध्याकाळी आक्कानं फोन लावायचा, आणि मग वाटेल तेवढं बोलायचं. काय काय बोलायचं ते ती हातातलं काम करता करता मनात लावून ठेवत होती. पण फार काही बोलायचं नव्हतंच. त्यानं बोलावं आणि तिनं ऐकावं, एवढंच होतं.

मंगळवारी दुपारी ती खिडकीशी काळ्या कोटावर बसली होती. काळ्यावर काळा धागा म्हणजे डोळ्यांची परीक्षा. सून कामावर, नात झोपलेली, मुलगा परीक्षा कार्यालयात, आणि त्याचा मोबाइल नियमाप्रमाणे फाटकावर जमा. आक्काला स्वतःचा मोबाइल नको असायचा; त्यावरची अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसायची. मागं कॉम्प्युटर चालू होता. खोलीत चिटपाखरू बोलत नव्हतं.

मग टिक असा बारीक आवाज झाला. भावाचं काहीतरी लिहून आलं. धागा अर्धा भरला होता. मध्येच सोडला तर ताण जातो आणि कापड सुरकुततं. तिनं तेवढी ओळ पुरी केली, सुई टोचून ठेवली आणि चष्मा सावरत उठली.

पडद्यावर भावाचं नाव तीन वेळा लाल अक्षरांत आलं होतं. तीनदा त्यानं फोन लावला होता. जन्मात पहिल्यांदा. खाली एक ओळ होती. ती अक्षराला अक्षर जोडत गेली.

'आक्का कुठे गेलीस. आजच नेताहेत.'

तिनं फोन लावला, पुन्हा लावला, लावतच राहिली. पलीकडे कोणी नव्हतं.

मुलगा घरी आला तेव्हा ती टेबलाशी तशीच बसली होती आणि नात तिच्या पायाशी रिळं सोडवत होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "तू नक्की खोलीत होतीस?"

"मी बहिरी नाही रे. त्याचं लिहिलेलं आलं तेव्हाचं टिक ऐकलं मी. घंटा वाजलीच नाही."

मुलानं मशीननं टिपून ठेवलेलं उघडलं, आणि त्याचा चेहरा उतरला. घंटेचा आवाज वेगळ्या जागी ठेवलेला असतो. फोन आला की प्रोग्राम तिथं जातो, तो आवाज उचलतो आणि वाजवतो. तीनही वेळा तो तिथं गेला होता, आणि तीनही वेळा मशीननं त्याला दारातून परत पाठवलं होतं.

"शिकवणीच्या आठवड्यात तू सगळं केलंस," तो खाली बघत म्हणाला. "पण फोन आला नाही. कोणीच आपल्याला लावला नाही. त्यामुळं ती वाट मशीनला ठाऊकच नव्हती. मला सुचायला हवं होतं, आई."

"एवढं शिकवलंस त्याला, एक हाक ऐकायची शिकवली नाहीस?" ती भडकून म्हणाली. मग खाली वाकली. नातीच्या हातातलं रीळ काढून घेत ती पुटपुटली, "तुझा तरी काय दोष. मीच कधी त्याच्यावर पाळी येऊ दिली नाही."

ऑपरेशन नीट पार पडलं. काही आठवड्यांनी भाऊ दवाखान्यातून त्याच्या घरी परतला आणि त्याचं पहिलं लिहिणं आलं, 'मी बारा आहे.' आक्कानं पदर तोंडात धरला आणि लिहिलं, 'तेरा हो.'

मुलानं कुंपण थोडा वेळ सैल केलं. "आता मामानं एकदा फोन लावायला हवा. घंटा वाजली की मशीन शिकेल."

मामानं लावला. घंटा वाजली. पाण्यात खडा पडावा तसा मऊ, गोल आवाज, पुन्हा पुन्हा. आक्का टेबलाशी उभी राहून ऐकत होती.

"उचल ना, आई."

"वाजू दे."

"अगं, शिकलं ते. पुरे."

"वाजू दे म्हणते ना."

शेवटी तिनं उचलला. पडद्यावर भाऊ दिसला, गळ्याला रुमाल, आधीपेक्षा निम्मा. त्याला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आक्का बोलायची आणि तो टेबलावर नखानं वाजवायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि धडाधड वाजवलं म्हणजे तुझं पुरे.

"त्या दिवशी तीनदा लावलास," तिनं विचारलं. "काय सांगायचं होतं रे?"

त्यानं हळूहळू टायपलं. तिनं डोळे बारीक करून एकेक अक्षर जोडलं. 'काही नाही. आक्का म्हणायचं होतं. तोंडानं.'

"आ... क्का," तिनं मोठ्यानं वाचलं. खोलीत तो शब्द उमटला, पण आवाज तिचाच होता. तिनं परत वाचलं. मधल्या जोडाक्षरावर ती मुद्दाम अडखळली. तरीही तो तसा झाला नाही. पलीकडे भावानं नखानं एकदा वाजवलं.

तेव्हापासून शिरस्ता उलटा झाला. लावायचा त्यानं, उचलायचा तिनं. त्याची सकाळ व्हायची तेव्हा इथं दुपार असायची. हातात कितीही नाजूक काम असलं तरी घंटा झाली की आक्का सुई टोचून ठेवायची, धाग्याचा ताण गेला तर गेला. मात्र लगेच उचलायची नाही. जरा वेळ ऐकायची. त्याच्याकडून तिला येणारी हाक तेवढीच उरली होती. मुलगा हसून म्हणायचा, "मामाला वाटेल आई घरात नाही." ती म्हणायची, "त्याला ठाऊक आहे मी इथंच आहे."

एका दुपारी घंटा झाली नाही. आक्कानं वाट पाहिली, मग मुलाला हाक मारली. "बघ रे, तुझ्या कुंपणानं पुन्हा अडवलंय काहीतरी."

मुलानं हातातलं काम बाजूला ठेवून सगळं उघडून पाहिलं. मशीननं कुठंही नकार टिपला नव्हता. त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून पाहिला, घंटा नीट वाजली. "परवानगी आहे, आई. सगळ्या वाटा उघड्या आहेत."

"पुन्हा बघ," ती म्हणाली, आणि त्यानं पुन्हा पाहिलं.

कुंपणात काहीच बिघाड नव्हता. भाऊ वारला होता. नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, मार्चच्या अकरा तारखेला, रविवारी पहाटे, झोपेत.